विंशोत्तरी दशा: अंतर्दशेवरून घटनेचा काळ किती बारकाईने सांगता येतो?

मूळ लेखन

विवाह, नोकरी, संतती किंवा स्थलांतर यांचा काळ विचारला की बहुतेक वेळा विंशोत्तरी दशेतील (जन्मवेळच्या चंद्राच्या नक्षत्रावरून आयुष्य ग्रहांच्या कालखंडांत वाटणाऱ्या पद्धतीतील) महादशा, तिचा पोटभाग अंतर्दशा आणि तिचाही पोटभाग विदशा अशी तीन ग्रहांची नावे आणि त्यापुढे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असे उत्तर मिळते. संगणकामुळे आता त्याहून बारीक सूक्ष्मदशा आणि प्राणदशाही सहज छापून मिळू लागल्या आहेत. माझे म्हणणे असे आहे की अंतर्दशेपर्यंत पत्रिकेचा जो आधार असतो तो विदशेपासून पुढे बहुतांश पत्रिकांत उरत नाही, आणि याचे कारण ग्रहांच्या फलितात नसून साध्या त्रैराशिकात आहे. त्यासाठी एक काल्पनिक पत्रिका घेऊन गणित येथे मांडतो. ज्यांना दशासाधन पाठ आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

विंशोत्तरीचे एकूण वर्षमान १२० आहे. रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७, केतू ७ आणि शुक्र २० वर्षे हा क्रम कृत्तिकेपासून सुरू होतो आणि तीन आवर्तनांत सत्तावीस नक्षत्रे पूर्ण होतात. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्याच्या स्वामीची महादशा चालू असते. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणजे ८०० कलांचे असते, आणि त्यातला जेवढा भाग चंद्राने ओलांडायचा राहिला असेल त्याच प्रमाणात ती महादशा भोग्य, म्हणजे भोगायची, उरते. अंतर्दशा काढण्याची तोंडी रीत अनेकांना ठाऊक असेल: दोन्ही ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करावा, एकम स्थानचा अंक तिप्पट करून दिवस घ्यावेत आणि उरलेल्या संख्येचे महिने घ्यावेत. शनीत गुरूसाठी १९ गुणिले १६ म्हणजे ३०४, म्हणून ३० महिने १२ दिवस. विदशेसाठी तिन्ही ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करून त्याला ४० ने भागले की थेट दिवस मिळतात. शनी, गुरू आणि शुक्र घेतले तर १९, १६ आणि २० यांचा गुणाकार ६०८० येतो आणि विदशा १५२ दिवसांची ठरते.

आता पत्रिका. मिथुन लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, म्हणजे पत्रिकेतले पहिले स्थान), चंद्र नवमात म्हणजे नवव्या स्थानी कुंभेच्या २४ अंशांवर, शनी सप्तमात धनु राशीत, गुरू लाभात (अकराव्या स्थानी) मेष राशीत आणि राहू दशमात मीन राशीत आहे असे समजू. चंद्र पूर्वाभाद्रपदेत आहे. नक्षत्राचे ४ अंश त्याने ओलांडले आहेत, म्हणजे तीन दशांश भाग भुक्त आणि सात दशांश भोग्य. गुरूच्या १६ वर्षांपैकी ११ वर्षे २ महिने १२ दिवस जन्मानंतर उरतात. तेथून शनीची १९ वर्षे सुरू होऊन वयाच्या ३० वर्षे २ महिने १२ दिवसांपर्यंत चालतात. प्रश्न विवाहाचा आहे असे धरू, कारण सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न तोच.

शनी सप्तमात, म्हणजे विवाहाच्या स्थानात बसला आहे, त्यामुळे महादशास्वामीचा सप्तमाशी थेट संबंध आहे. शनीतल्या अंतर्दशा वयाच्या अठराव्या वर्षापासून पाहू. शुक्राची अंतर्दशा १८ वर्षे ३ दिवसांपासून २१ वर्षे २ महिन्यांपर्यंत आहे, आणि शुक्र हा विवाहाचा नैसर्गिक कारक. रवीची पुढे २२ वर्षे दीड महिन्यापर्यंत. चंद्राची २३ वर्षे साडेआठ महिन्यांपर्यंत, आणि चंद्र येथे कुटुंबस्थानाचा (दुसऱ्या स्थानाचा) स्वामी असून गुरूच्या नक्षत्रात व शनीच्या राशीत आहे. मंगळाची २४ वर्षे ९ महिने २४ दिवसांपर्यंत, आणि मंगळ लाभेश (लाभस्थानाचा स्वामी) असून त्याच्याच राशीत सप्तमेश (सप्तमाचा स्वामी) गुरू बसला आहे. राहूची बरोबर २७ वर्षे ८ महिन्यांपर्यंत, आणि राहू गुरूच्या राशीत असल्याने गुरूचे फळ देणारा. शेवटी स्वतः सप्तमेश गुरू, ज्याची नववी दृष्टी सप्तमावर आणि तेथील शनीवर आहे, ३० वर्षे २ महिने १२ दिवसांपर्यंत.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. विवाह अठरा ते तीस या बारा वर्षांत कधीही झाला तरी, रवीचे अकरा महिने बारा दिवस वगळता, घटनेनंतर त्याचे समर्थन करता येते. रवीच्या काळात झाला असता तर नवमांश (राशीच्या नऊ भागांवरून काढलेली उपकुंडली) उघडून तेथे काहीतरी सापडलेच असते. म्हणून 'शनीत राहूत विवाह झाला, पाहा कसे जुळले' अशा उदाहरणांचे मला फारसे अप्रूप वाटत नाही. काळ सांगायचा तर घटनेच्या आधी, कोणता ग्रह कोणत्या कारणाने पहिल्या पसंतीचा आणि कोणता दुसऱ्या, हे लिहून ठेवले पाहिजे. या पत्रिकेत मी गुरू पहिला धरीन, राहू दुसरा आणि चंद्र तिसरा. मग प्रश्न उरतो तो गुरूच्या साडेतीस महिन्यांच्या आत कितपत शिरता येते याचा.

येथे तीन अडचणी येतात. पहिली जन्मवेळेची. चंद्र सरासरीने दिवसाला १३ अंश १० कला चालतो, म्हणजे मिनिटाला अर्ध्या कलेहून थोडा जास्त. या पत्रिकेत जन्मदशा गुरूची असल्याने चंद्राच्या एका कलेला दशेचे ७.३ दिवस पडतात. जन्मवेळ एका मिनिटाने चुकली तर आयुष्यातल्या पुढच्या सगळ्या दशा चार दिवसांनी सरकतात, आणि दहा मिनिटांनी चुकली तर चाळीस दिवसांनी. जन्मदशा शुक्राची असती तर हेच प्रमाण मिनिटाला पाच दिवसांवर गेले असते, रवीची असती तर दीड दिवसावर आले असते. दुसरी अडचण अयनांशाची, म्हणजे ऋतूंवर आधारलेल्या आणि ताऱ्यांवर आधारलेल्या राशिचक्रांच्या आरंभांत किती अंतर धरायचे याची आहे; त्याचे वेगवेगळे पक्ष आहेत. चित्रापक्षीय आणि कृष्णमूर्ती अयनांशांत सुमारे ६ कलांचा फरक आहे, म्हणजे येथे ४४ दिवस. रैवतपक्ष घेतला तर फरक सुमारे ४ अंशांचा होतो, चंद्र त्याच नक्षत्रात राहूनही दशा ४ वर्षे ९ महिने १८ दिवसांनी अलीकडे येतात आणि गुरूची अंतर्दशा २७ वर्षे ८ महिन्यांऐवजी २२ वर्षे १० महिन्यांच्या सुमारास सुरू होते.

तिसरी अडचण वर्षमानाची असून तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. दशावर्ष ३६५ दिवस ६ तासांच्या सौरवर्षाचे घ्यावे की ३६० दिवसांच्या सावन वर्षाचे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. दोहोंत वर्षाला सव्वापाच दिवसांचा फरक पडतो आणि तो साचत जातो. आपल्या पत्रिकेत गुरूची अंतर्दशा सुरू होण्याच्या वयापर्यंत तो १४५ दिवसांचा होतो. शनीत गुरूत शनीची विदशा १४४ दिवसांची आहे. म्हणजे केवळ वर्षमानाची निवड बदलली तरी एक पूर्ण विदशा पुढेमागे होते.

याच्या शेजारी प्राणदशेचा आकडा ठेवून पाहावा. रवीच्या महादशेत रवीची अंतर्दशा आणि त्यात रवीचीच विदशा ५.४ दिवसांची असते. तिच्यातील रवीची सूक्ष्मदशा साडेसहा तासांची आणि प्राणदशा एकोणीस मिनिटांची. जन्मवेळेच्या एका मिनिटाने जिथे दिवसांचा फरक पडतो, तिथे एकोणीस मिनिटांचा कालखंड छापणाऱ्या तक्त्याला काय अर्थ आहे, हे जाणकारांनी सांगावे.

माझी पद्धत अशी आहे की अंतर्दशा ठरली की विदशेकडे न वळता गोचराकडे, म्हणजे ग्रहांच्या आकाशातील चालू भ्रमणाकडे वळावे. गुरू एका राशीत सुमारे एक वर्ष आणि शनी सुमारे अडीच वर्षे असतो. त्यांचे राशिप्रवेश जन्मवेळेवर अवलंबून नाहीत, आणि अयनांशातल्या ६ कलांच्या फरकाने गुरूचा प्रवेश साधारण एखाद्या दिवसाने तर शनीचा तीनेक दिवसांनी सरकतो. वक्री किंवा स्तंभी (थांबल्यासारख्या) अवस्थेत हा फरक वाढतो हे खरे, तरीही दशेच्या तारखांच्या मानाने ही तारीख कितीतरी पक्की आहे. रैवतपक्षीय मंडळींना मात्र येथेही वेगळ्या तारखा मिळतील. साडेतीस महिन्यांत गुरू दोन-तीन राशी बदलतो. त्यांपैकी तो लग्न, सप्तम किंवा सप्तमेशाची रास यांना स्पर्श करील ते महिने वेगळे काढले की बहुधा आठ ते बारा महिन्यांची मुदत हाती येते. त्याहून बारीक उत्तर देण्याचे धाडस मी करीत नाही.

प्रतिसाद १

गणिताचा भाग पटला. मी अलीकडेच अभ्यास सुरू केला असल्याने एक मूलभूत शंका विचारतो. महादशा सुरू झाली की पहिली अंतर्दशा त्याच ग्रहाची असते. मग त्या ग्रहाचे फळ सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात मिळायला हवे. आपण मात्र शनीत शनीचा विचारच केला नाही.

धागालेखक

शनीत शनीची अंतर्दशा या पत्रिकेत वयाच्या अकरा ते चौदा या काळात येते, म्हणून विवाहासाठी ती बाजूला राहिली. परंतु आपल्या शंकेचे उत्तर लघुपाराशरी या ग्रंथात वेगळेच आहे. तेथे असे सांगितले आहे की ग्रह स्वतःच्या महादशेत स्वतःच्याच अंतर्दशेत आपले भावानुरूप (आपल्या स्थानांनुसार) शुभाशुभ फळ देत नाहीत. ज्यांचा महादशास्वामीशी संबंध आहे, किंवा जे त्याच्याच स्वभावधर्माचे आहेत, अशा ग्रहांच्या अंतर्दशेत ते फळ मिळते. संबंध म्हणजे युती, परस्पर दृष्टी, राशींची अदलाबदल वगैरे, आणि सधर्मी म्हणजे त्रिकोणेशाला (पहिल्या, पाचव्या किंवा नवव्या स्थानाच्या स्वामीला) दुसरा त्रिकोणेश, मारकेशाला (मृत्युकारक मानलेल्या दुसऱ्या किंवा सातव्या स्थानाच्या स्वामीला) दुसरा मारकेश असे साधारणपणे घेतले जाते.

हा नियम काळ ठरवताना फार कामाचा आहे, कारण त्यामुळे नऊ अंतर्दशांची चाळणी होते. आपल्या उदाहरणात शनी अष्टमेश आणि भाग्येश (नवमेश) आहे, तो गुरूच्या राशीत आहे आणि गुरूची त्याच्यावर दृष्टी आहे. म्हणून शनीने जे काही सप्तमाचे फळ द्यायचे ते गुरूच्या अंतर्दशेत देण्याची शक्यता अधिक, आणि मी गुरूला पहिला क्रमांक दिला तो केवळ सप्तमेश म्हणून नव्हे.

प्रतिसाद २

मी कृष्णमूर्ती पद्धतीने काम करतो, त्यामुळे मूळ लेखनातील एका गृहीतकाला हरकत घेतो. काळ शोधण्याआधी घटना पत्रिकेत आहे की नाही हे पाहायला हवे, आणि ते दशा सांगत नाही. आमच्याकडे सप्तम भावारंभाचा सब (नक्षत्राचा उपविभाग) ज्या ग्रहाचा आहे तो ग्रह २, ७, ११ या भावांचा कार्येश (त्या भावांचे फळ देणारा) असेल तर विवाह आहे असे मानतात. तो ग्रह प्रामुख्याने १, ६, १० या भावांचा कार्येश असेल तर कितीही अनुकूल अंतर्दशा आली तरी बोलणी होऊन फिसकटतात. नोकरीसाठी २, ६, १०, संततीसाठी २, ५, ११, दूरच्या प्रवासासाठी ३, ९, १२ असे गट ठरलेले आहेत. सब म्हणजे तरी काय, तर नक्षत्राचे विंशोत्तरीच्याच वर्षांच्या प्रमाणात केलेले नऊ भाग. ज्या प्रमाणाने काळ विभागला जातो त्याच प्रमाणाने राशिचक्र विभागलेले असल्याने पद्धतीत एकसूत्रीपणा येतो.

दुसरे असे की कार्येशांना दर्जा असतो. भावात बसलेल्या ग्रहाच्या नक्षत्रातले ग्रह पहिल्या दर्जाचे, भावात बसलेला ग्रह दुसऱ्या, भावेशाच्या नक्षत्रातले ग्रह तिसऱ्या आणि स्वतः भावेश चौथ्या दर्जाचा. आपण सप्तमेशाला पहिला क्रमांक दिला, आमच्याकडे त्याचा क्रमांक शेवटचा लागला असता. सप्तमात शनी आहे, तेव्हा पुष्य, अनुराधा आणि उत्तराभाद्रपदा यांत कोण आहे हे मी सर्वांत आधी पाहिले असते. राहू मीनेत आहे असे आपण म्हणता. तो उत्तराभाद्रपदेत असेल तर माझ्या दृष्टीने शनीत राहू हाच काळ सर्वांत बळकट ठरेल.

धागालेखक

दर्जांचा मुद्दा मान्य आहे, आणि राहू उत्तराभाद्रपदेत असता तर आपला आणि माझा अंदाज वेगळा पडला असता, हे चांगलेच आहे. एकाच पत्रिकेवर दोन पद्धतींनी आधीच दोन वेगळे काळ लिहून ठेवले तर कोणती पद्धत टिकते ते पाहता येते. घटनेनंतर दोन्ही पद्धती आपापल्या परीने बरोबरच निघतात.

घटना आहे की नाही हे आधी पाहावे, हेही बरोबर. पाराशरी (परंपरागत) पद्धतीतही योग, मग दशा आणि मग गोचर असाच क्रम आहे. मी येथे योग गृहीत धरून पुढे गेलो कारण धाग्याचा विषय काळाचा आहे.

मात्र सबच्या बाबतीत जन्मवेळेची अडचण आणखी तीव्र होते, याकडे लक्ष वेधतो. रवीचा सब ४० कलांचा असतो आणि शुक्राचा २ अंश १३ कला २० विकलांचा. लग्न सरासरी चार मिनिटांत एक अंश सरकते. म्हणजे रवीचा सब भावारंभावर तीन मिनिटांहूनही कमी काळ टिकतो. रुग्णालयाच्या नोंदीत जन्मवेळ बहुधा पाच मिनिटांच्या पटीत लिहिलेली आढळते, आणि ती नेमकी कशाची हे कोणी नोंदवलेले नसते: पहिल्या रडण्याची, नाळ कापण्याची की कागद भरण्याची. रूलिंग ग्रहांवरून (पत्रिका पाहण्याच्या वेळचे लग्न, चंद्र आणि वार यांच्या स्वामींवरून) आपण वेळ शुद्ध करून घेत असाल, तर ती शुद्धी घडून गेलेल्या घटनांवर बेतलेली नाही ना, एवढे पाहावे. झालेल्या विवाहावरून वेळ दुरुस्त करायची आणि मग त्याच वेळेवरून तोच विवाह जुळला म्हणायचे, असे होता कामा नये.

प्रतिसाद ३

जन्मवेळ शुद्ध करताना एकच घटना घेणे चूक आहे, याच्याशी सहमत. किमान चार-पाच वेगवेगळ्या भावांच्या घटना घ्याव्यात आणि एक-दोन घटना पडताळ्यासाठी मुद्दाम बाजूला ठेवाव्यात.

प्रतिसाद ४

मी ज्योतिषाचा अभ्यासक नाही, पण चर्चा संयत असल्याने लिहितो. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले अशा दोन गटांच्या मिळून २०० पत्रिका होत्या, प्रत्येक सहभागी ज्योतिषाला त्यांपैकी ४० दिल्या होत्या, आणि २७ जणांनी पाठवलेल्या उत्तरांत अचूकतेचे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले. नाणे उडवून हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आले असते. दशेच्या तारखा किती दिवसांनी सरकतात हा प्रश्न त्यानंतरचा नाही का? शिवाय आपल्या उदाहरणात वय २७ ते ३० असा काळ आला. या वयात विवाह होण्याची शक्यता पत्रिका न पाहताही भरपूर असते. तिथे अंदाज बरोबर आला तर श्रेय दशेला द्यायचे की वयाला?

धागालेखक

वयाचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि ज्योतिषाच्या पुस्तकांत तो फार क्वचित सापडतो. देश, काळ आणि पात्र पाहून फळ सांगावे हा नियम जुना आहे, पण त्याचा अर्थ वयामुळे मिळालेले यश दशेच्या खात्यावर जमा करावे असा होत नाही. माझ्या उदाहरणातला हिशेब असा: अठरा ते तीस हा काळ सुमारे १४६ महिन्यांचा आहे आणि गुरूची अंतर्दशा साडेतीस महिन्यांची. विवाह या काळात समान शक्यतेने कधीही होईल असे धरले, तर कोणताही आधार नसताना गुरूची अंतर्दशा बरोबर येण्याची शक्यता पाचात एक. प्रत्यक्षात विवाह पंचविशीच्या पुढे जास्त होत असतील तर ती आणखी वाढते. म्हणून खरी कसोटी अशी हवी की समान वयाच्या अनेक व्यक्तींच्या पत्रिका घ्याव्यात, प्रत्येकीसाठी एकच अंतर्दशा आधी लिहून ठेवावी आणि मग त्याच अंतर्दशा दुसऱ्यांच्या पत्रिकांना यादृच्छिकपणे जोडल्या असत्या तर किती जुळल्या असत्या, याच्याशी तुलना करावी. पहिली संख्या दुसरीहून लक्षणीय मोठी निघाली नाही, तर दशेने काही सांगितले असे म्हणता येणार नाही.

आपण उल्लेखिलेली चाचणी बुद्धिमत्तेच्या निदानाची होती, काळाची नव्हती. त्यामुळे दशापद्धती तीत तपासली गेली नाही, एवढेच मी म्हणेन. ती चाचणी झाली म्हणून दशा सिद्ध होत नाही, हेही तितकेच खरे. मात्र अशी तपासणी करायची तर अयनांश, वर्षमान आणि जन्मवेळेची मर्यादा आधी निश्चित करावी लागेल, अन्यथा निकाल प्रतिकूल आला की प्रत्येक जण आपल्या सोयीचे अयनांश पुढे करील. म्हणूनच तारखा किती दिवसांनी सरकतात हा प्रश्न मला त्यानंतरचा वाटत नाही, आधीचाच वाटतो.

प्रतिसाद ५

दोन गोष्टी सुचवतो. शनीत गुरू ही शनीची शेवटची अंतर्दशा आहे, तिला दशाछिद्र म्हणतात, आणि परंपरेत हा काळ बदलाचा, पूर्वीचे सोडून नवीन धरण्याचा मानला आहे. विवाहासाठी तो प्रतिकूल मानण्याचे कारण नाही, पण घर किंवा नोकरी बदलण्याचे प्रसंग त्याच काळात एकत्र येऊ शकतात आणि मुख्य घटना कोणती हे ओळखणे अवघड जाते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मिथुन लग्नाला गुरू सप्तमेश आहे, म्हणजेच मारकेश आहे. चंद्र द्वितीयेश, तोही मारकेश. म्हणजे आपण विवाहासाठी पहिला आणि तिसरा धरलेले दोन्ही ग्रह दुसऱ्या एखाद्या ज्योतिषाच्या हाती पडले तर तो त्याच अंतर्दशांत आजारपणाची किंवा त्याहून वाईट गोष्टीची भीती घालील. मी अशी उदाहरणे पाहिली आहेत. तिशीच्या आतल्या माणसाला मारक दशेच्या नावाखाली शांतिकर्माचा मोठा खर्च सांगितला जातो, आणि त्याच काळात त्याचे लग्न ठरलेले असते.

धागालेखक

हा मुद्दा मूळ लेखनात यायला हवा होता, आपण तो मांडलात हे उत्तम झाले. द्वितीय आणि सप्तम हे कुटुंबाचे आणि जोडीदाराचे भाव, आणि तेच मारकभाव. त्यामुळे विवाहाला अनुकूल अंतर्दशा आणि मारक अंतर्दशा यांच्या याद्या कोणत्याही पत्रिकेत बऱ्याच अंशी सारख्याच निघतात. शास्त्रानेही मारक विचाराआधी आयुर्दाय पाहण्यास सांगितले आहे, म्हणजे अल्पायू, मध्यायू की दीर्घायू हे ठरल्याशिवाय मारकाचा प्रश्न येत नाही. आणि ज्या साधनाने आठ-बारा महिन्यांहून बारीक काळ सांगता येत नाही, अनेकदा तेवढाही येत नाही, त्याच्या आधारे कोणाला मृत्यूची किंवा असाध्य रोगाची मुदत सांगणे मला अक्षम्य वाटते. प्रकृतीची तक्रार असेल तर तिचा काळ वैद्य ठरवील. या विषयावर कोणी विचारल्यास मी उत्तर देत नाही, आणि येथेही त्याची उदाहरणे मांडू नयेत अशी विनंती आहे.

दशाछिद्राविषयी: एकाच काळात अनेक घटना येण्याची अडचण मलाही जाणवते. गुरू येथे सप्तमेश आणि दशमेश दोन्ही आहे. केवळ दशेवरून विवाह आणि नोकरीतला बदल यांत निवड करता येणार नाही. गोचरातला शनी त्या वेळी दशमाशी संबंध करतो की सप्तमाशी, हे मी पाहतो, पण हा निकष दरवेळी साथ देत नाही.

प्रतिसाद ६

योगिनी दशेने पडताळा घ्यावा असे काही जण सांगतात. मंगलेच्या एका वर्षापासून संकटेच्या आठ वर्षांपर्यंत आठ दशा आणि ३६ वर्षांचे एक आवर्तन. तीही चंद्रनक्षत्रावरूनच निघते. दोन्ही दशा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तर खात्री वाढत नाही का?

धागालेखक

थोडी वाढते, पण वाटते तितकी नाही. दोन्ही दशा एकाच चंद्रावर उभ्या आहेत, त्यामुळे जन्मवेळ चुकली तर दोन्ही एकदमच चुकतात. स्वतंत्र पडताळा हवा असेल तर चंद्रनक्षत्रावर न चालणारी, उदाहरणार्थ राशींवर चालणारी जैमिनीची चरदशा घ्यावी. तिच्या गणनेतही मतभेद आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो. आणि तीन-चार दशापद्धती चालवून त्यांतली जुळणारी तेवढी दाखवणे हा मूळ लेखनातलाच दोष झाला. कोणती पद्धत पडताळ्यासाठी वापरणार हेही आधीच लिहून ठेवावे.

प्रतिसाद ७

माझ्याकडे संगणकाने काढलेली पत्रिका आहे, तीत वर्षमान कोणते धरले आहे याचा उल्लेख कोठेच नाही. ते कसे ओळखावे? आणि अयनांश तरी कोणते?

धागालेखक

अयनांश बहुतेक वेळा पहिल्या पानावर अंश-कलांत छापलेले असतात. २००० सालच्या सुरुवातीला चित्रापक्षीय अयनांश २३ अंश ५१ कलांच्या जवळपास होते आणि ते वर्षाला सुमारे ५० विकलांनी वाढतात, त्यावरून आपल्या जन्मवर्षाचा आकडा ताडून पाहता येईल. त्याहून सुमारे ६ कला कमी असतील तर कृष्णमूर्ती, आणि सुमारे ४ अंश कमी असतील तर रैवत समजावे.

वर्षमानासाठी जन्मानंतर पूर्ण मिळालेली कोणतीही एक महादशा घ्या, शुक्राची असेल तर फारच सोपे. तिची सुरुवातीची आणि शेवटची तारीख पाहा. वीस वर्षांनंतर तीच तारीख किंवा एखाद्या दिवसाचा फरक दिसला तर सौरवर्ष धरलेले आहे. शेवट सुमारे १०५ दिवस आधी येत असेल तर ३६० दिवसांचे सावन वर्ष आहे. जन्मवेळची अपुरी महादशा यासाठी घेऊ नये, तिच्यात भोग्य भागाचा हिशेब मिसळलेला असतो. हे ठरल्यावर विवाहासाठी आपल्या मते पहिली आणि दुसरी अंतर्दशा कोणती, तेवढे कारणासह येथे लिहा, म्हणजे प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांना आणि मला आपापला अंदाज शेजारी मांडता येईल. जन्मतारीख व नाव मात्र येथे जाहीरपणे देऊ नये. लग्नरास, ग्रहांच्या राशी, त्यांची नक्षत्रे आणि चंद्राचे अंश-कला इतके पुरेसे आहे.